सतरा नंबरचा गडी

"म्हातारा झालास रे. पाय उचलत नाहीस. बस आता घरी."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून सोहम कुरकुरला आणि अलीकडे खोबरं खवत बसलेल्या संध्याचा हात नारळाच्या वाटीत तसाच राहिला. आवाज काही चढलेला नव्हता. एसटीची वाट बघून कंटाळलेला माणूस स्वतःशी बोलतो, तेवढाच. पण ही कुरकुर गौरववर होती हे तिला कळलं, आणि गौरव तेविसाव्या वर्षी गेला होता. जो म्हातारा व्हायला मागे राहिलाच नाही त्याला म्हातारा झालास म्हणून टोचायचं, आणि तेही सकाळी सकाळी, दात न घासता. मग तिने पुन्हा खवायला सुरुवात केली, कारण हात थांबला की पलीकडे कळतं. भाट्याच्या या घरात पार्टिशन एवढं पातळ की आवाजापेक्षा थांबलेला आवाज जास्त ऐकू येतो.

सोहम ज्याला बोलत होता तो संगणकातला गौरव. गौरव शिवलकर, उंची सहा फूट दोन इंच, जर्सी सतरा नंबर, मागच्या फळीत उभा राहून समोरच्याला अडवणारा. खरा गौरव सव्वापाच फुटांचा होता आणि संध्याच्या माळ्यावरचा डबा काढायला त्याला स्टूल लागायचं. बर्फावरच्या हॉकीची ही एक लीग. खरं तिथे कोणी खेळत नाही. बर्फ नाही, काठी नाही, घाम नाही. जगभरातली रिकामी माणसं आपापला एकेक खेळाडू बनवतात, त्याला नाव देतात, अंगकाठी देतात, मग रोज काहीबाही लिहून त्याच्यासाठी गुण कमावतात आणि ते गुण त्याच्या पायात घालायचे की मनगटात ते ठरवतात. पुढचं सगळं यंत्र करतं. तिकडे रात्र झाली की यंत्र सामने चालवतं आणि इकडे रत्नागिरीत चहाचं आधण उकळेपर्यंत निकाल लागलेला असतो. कोणी गोल केला, कोण पडला, कोणाचं खांद्याचं हाड मोडलं, सगळं लिहून येतं. आधी संध्याला हे पत्रिकेवरून आयुष्य सांगण्यासारखं वाटलं होतं. नंतर वाटलं, पत्रिका बरी, तिच्यात निदान उपाय असतात.

तिथलं वर्ष आपल्या दोन महिन्यांत उरकतं. म्हणून दोन शिमगे उलटले तेवढ्यात तो गौरव पस्तिशीच्या पुढे गेला होता. ठरावीक हंगाम झाले की लीगच्या नियमाने खेळाडूचे अंक उतरू लागतात. कितीही गुण ओता, भोकाच्या बादलीत पाणी. आणि मग एका हंगामाअखेर निवृत्ती. त्याला अपील नाही. हा हंगाम त्याचा शेवटचा होता. वॉलरस नावाचा त्यांचा संघ, तोंडातून दोन सुळे आलेल्या त्या पाणप्राण्याचं चित्र छातीवर, कसाबसा बाद फेरीत पोचला होता. हरले की गौरव संपला. जिंकत राहिले तर आणखी काही सकाळी. संध्याला खेळातलं बाकी काही कळो न कळो, एवढं बरोबर कळलं होतं. कारण वॉलरस जिंकले की सोहम खोलीतून बाहेर यायचा, अंघोळ करायचा आणि पुढ्यात वाढलेलं जेवायचा. हरले की ताट दारातच निवायचं. आईला एवढा हिशेब जमायला इंग्रजी लागत नाही.

पण इंग्रजीही तिने जमवलं. सोहमचा जुना, काच तडकलेला मोबाइल तिच्याकडे आला होता. सोहम आणि गौरव या दोघा पोरांच्या गप्पांत लीगचं नाव तिने इतक्यांदा ऐकलेलं होतं की ते शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मोबाइल इंग्रजीचं मराठी करून देतो. ते मराठी म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या नोकराने बोलावं तसं. 'प्रिय मित्रांनो, आमचा गोलरक्षक कुजलेला आहे' वगैरे. त्यातून वाट काढत ती वाचायला शिकली. लग्नाआधी तिचं शिक्षण दहावीवर थांबलं होतं आणि पुढचं सगळं ती अशीच शिकली होती, दुसऱ्याच्या पानातलं डोकावून. दुपारी सोहम झोपला की ती मागच्या पडवीत बसून वॉलरसच्या बातम्या वाचायची. कोणाला दुखापत, कोणाची अदलाबदल, पुढच्या भरतीत कोण कोण नवे खेळाडू येणार. सोहम त्या संघाचा मॅनेजर होता हे तिला तिथेच कळलं. लोक त्याला विचारून निर्णय घेत होते. त्याला भीत होते. फिनलंडमधला कोणी एक मास्तर सोहमच्या होकारासाठी दोन दिवस ताटकळला होता. आपल्या पोराला जगात किंमत आहे हे बघून तिला एकीकडे भरून आलं आणि दुसरीकडे रागही आला, की हाच गडी घरात नळाचा वायसर बदलायला सांगितला तर भिंतीकडे तोंड करतो.

गौरव तिला तिथे पहिल्यांदा भेटला त्या दुपारी पडवीत ऊन होतं आणि वाळत घातलेल्या कोकमांचा आंबट वास होता. चर्चेच्या पानावर त्याचं नाव होतं आणि नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे हजर. तिने मोबाइल मांडीवर उपडा घातला. तळहाताला गरम लागलं. पुन्हा सुलटा केला तर ठिपका तसाच, आणि त्याखाली त्याने सोहमला काहीतरी चिडवलेलं, सोहमने त्याला उलट शिवी हासडलेली, आणि पुन्हा त्याचं उत्तर: आज तुझ्या आईने तिसऱ्यांचं सुकं केलं असेल, इथपर्यंत वास आला. त्या दिवशी तिने खरंच तिसऱ्यांचं, खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. क्षणभर तिने ते सगळं जसंच्या तसं धरून ठेवलं, म्हणजे तो कुठेतरी आहे, जेवणाचा वास येण्याइतका जवळ आहे. मग पार्टिशनपलीकडून बटणांची टकटक ऐकू आली. टकटक थांबली आणि मोबाइलवर गौरवचं वाक्य उमटलं. पुन्हा टकटक, पुन्हा थांबली, सोहमचं वाक्य. एकाच खुर्चीत बसून तिचा मुलगा दोघांचं बोलत होता, आणि गौरवचा वाटा लिहिताना त्याला हसू येत होतं. ते हसूही ऐकू आलं. गौरवसारखंच, नाकातून.

दोघे लोट्याला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका खोलीत राहायचे. एकाच कंपनीत, एकाच प्लांटवर, शिफ्टच्या बसमध्ये शेजारी शेजारी. ही लीगही गौरवनेच शोधली होती, रात्रपाळीनंतर झोप येईना म्हणून. त्याची आई गुणवंती डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासळी विकायची आणि संध्याच्या दारात रोज टेकायची, पाणी प्यायची, पाटीतलं बरंसं आधी इथे उतरायचं. पोरं एकत्रच वाढली. गौरव सुट्टीला आला की आधी काकूकडे जेवायचा आणि मग घरी जाऊन आईची बोलणी खायचा. शिमग्याची सुट्टी मात्र दोघांना एकदम मिळत नसे. प्लांट बंद ठेवता येत नाही आणि कोकणातला एकूण एक माणूस त्या दिवसांत घरी जायला निघतो; तेव्हा त्यांनी आपसात पाळी लावून घेतली होती, एक शिमगा तुझा, एक माझा. पहिला शिमगा सोहमचा होता, पण त्याला ऐनवेळी ताप आला आणि खोलीतच पडून राहावं लागलं. दुसरा गौरवचा. संध्याने नवस बोलला होता, पोराला नोकरी लागली तर पालखीला खांदा देईल. तो वर्षभर तुंबून राहिलेला. तुंबलेला नवस म्हणजे घरावर टांगलेला धोंडा, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, ती ते दुधाबरोबर प्यायली होती. तिने सोहमला विचारलंच नाही. सरळ गौरवला फोन लावला. बाळा, यंदा सोहमला येऊ दे, तू काय पुढच्या वर्षी ये. तो म्हणाला, त्यात काय काकू, मी आईला सांगतो. एवढंच झालं. हे कोणापासून लपलेलं नव्हतं. गुणवंतीला त्याच संध्याकाळी लेकाने सांगितलं, सोहमला खोलीवर सांगितलं, बोटीवर असलेल्या नवऱ्याला, हरिश्चंद्रला, संध्याने स्वतः सांगितलं. सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच कोणी बोलायचं नाही.

पालखी अंगणात नाचत असताना फोन आला. ढोलाच्या आवाजात पहिल्यांदा तो कोणाला ऐकूच गेला नव्हता. प्लांटमध्ये काहीतरी फुटलं होतं आणि सोहमच्या जागेवर उभा असलेला माणूस जागच्या जागी गेला होता. 'सोहमच्या जागेवर' हे शब्द पलीकडच्याने वापरले, आणि वापरल्यावर त्याला कळलं की आपण सोहमशीच बोलतोय.

त्यानंतर सोहम पुन्हा लोट्याला गेला तो फक्त खोली रिकामी करायला. येताना दोन चादरी, एक कुकर आणि गौरवचा पासवर्ड घेऊन आला. गुणवंतीने महिनाभर पाटी उचलली नाही. उचलली तेव्हा ती याच गल्लीतून जायची, कारण दुसरी वाट नव्हती, पण हाळी बेलाच्या झाडापाशी थांबवायची आणि पलीकडच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू करायची. संध्याच्या घरासमोरून ती गप्प जायची. रोज सकाळी तेवढा एक तुकडा गल्ली मुकी. संध्या स्वयंपाकघरात उभी राहून तो तुकडा संपायची वाट बघायची. मासळी आता ती पुलापलीकडे जाऊन घ्यायची, वाकडी वाट करून, दोन पैसे जास्त देऊन, आणि घरी आणलेली पापलेटं शिळी निघाली तरी तोंडातून ब्र काढायची नाही. हरिश्चंद्रचा फोन कधी सिंगापूरहून यायचा, कधी समुद्राच्या मधूनच. तो विचारायचा, जेवतो ना. ती म्हणायची, जेवतो. मग दोघे आंब्याबद्दल बोलायचे. एकदा पुलावर गुणवंती अगदी समोरून आली. बाजूला व्हायला जागा नव्हती, खाली खाडीला भरती. पाटीतलं पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं. तिने मान न हलवता विचारलं, "जेवतो ना गो?" संध्या म्हणाली, "खेळतो." गुणवंती म्हणाली, "खेळू दे. माझा पण खेळायचा," आणि चालू लागली. त्या वाक्यात काय होतं ते संध्या कित्येक दिवस चाचपत राहिली. शिवी असती तर बरं झालं असतं. शिवी घेऊन माणसाला घरी जाता येतं.

वॉलरसनी पहिली फेरी जिंकली. संध्या झरीविनायकाला गेली आणि डोळे मिटून वॉलरससाठी मागणं मागितलं. देवाला काय समजलं असेल कोण जाणे. दुसरी फेरीही जिंकली. सोहम सलग चार दिवस दोन्ही वेळा जेवला आणि एकदा तर आमटी मागून घेतली. ती त्या आमटीवर तरंगत होती. आणि तरीही आत एक सुरा होता, की प्रत्येक विजय हा शेवटाच्या दिशेने आहे. पुढच्या फेरीत हरले तरी संपलं, आणि अजिंक्यपद जिंकलं तरी संपलं. सतरा नंबरला पुढचा हंगाम नव्हताच. मग सोहम काय करील? ही एक गोष्ट ती मनात कधी पुरती बोलत नसे, फक्त तिच्या कडेकडेने फिरायची, विहिरीच्या काठावरून फिरतात तशी. त्याच्या खोलीतला पंखा तिने दुरुस्तीच्या निमित्ताने काढवून घेतला होता आणि त्या जागी टेबलफॅन ठेवला होता. सोहमने का म्हणून विचारलं नाही. न विचारणं हेच उत्तर होतं.

म्हणून तिने स्वतःचा खेळाडू बनवला. हंगामानंतरच्या भरतीसाठी नव्या सभासदांना बोलावत होते. तिने नाव दिलं राही, देश दिला नॉर्वे, कारण नॉर्वेचे लोक फारसं बोलत नाहीत असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मनात गणित एवढंच की वॉलरसने राहीला निवडलं, की सोहमला एक कच्चं पोर वाढवायला मिळेल. आईला वाटतं, माणसाच्या हातात एखादं पोर दिलं की तो जगतो. गुण वाटताना तिने राहीच्या अंगात नेमबाजी घातलीच नाही. सगळं दुसऱ्याला चेंडू पुरवण्यात आणि मार सोसण्यात घातलं. तिथे त्याला चेंडू म्हणत नाहीत, काळी चकती असते. पण तिला चेंडूच सुचे. भरतीच्या बातम्यांत कोणीतरी लिहिलं, हा खेळाडू म्हणजे चालता बोलता पायपुसणं आहे. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मोबाइलने यावेळी भाषांतर अगदी चोख केलं होतं.

आणि मग तिने ती चूक केली. अंतिम फेरी सुरू झाली होती, आयर्न बे नावाचा संघ समोर, आणि गौरवचे अंक दर सामन्याला खाली येत होते. लीगच्या प्रमुखांना प्रश्न विचारण्याचं एक पान असतं. तिथे तिने राहीच्या नावाने विचारलं: माझा खेळाडू तरुण आहे, त्याची पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत, त्यातली काही वर्षं सतरा नंबरला देता येतील का? नियमात बसतं का? तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सुट्टी देता येते, पाळी देता येते, बोटीवरचा खलाशी आजारी पडला तर त्याच्या बदली भाऊ उभा राहतो आणि वाटा त्याच्या घरी जातो. तिच्या माहितीतलं जग असंच चालत आलं होतं, एकाचं दुसऱ्याला देऊन. हे विचारण्यासारखं नाही, हे जगात फक्त तिलाच माहीत नव्हतं. दोन दिवस सगळी लीग हसत होती. कोणी लिहिलं, माझ्या सासूची वर्षं कोणाला पाहिजेत का, फुकट देतो. कोणी राहीचं चित्र काढलं, हातात कटोरा घेतलेलं, कटोऱ्यात वाढदिवसाच्या मेणबत्त्या. प्रमुखांनी गंभीरपणे उत्तर दिलं की असा नियम नाही आणि होणारही नाही. आणि सोहमच्या नावाखाली एक हसरा तोंडवळा उमटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा. पार्टिशनपलीकडे मात्र काहीच आवाज नव्हता. ती भाकरी थापत होती. कान देऊन ऐकत राहिली. हसण्याचा नाही, कसलाच नाही.

त्याच दुपारी गौरवच्या नावाने एक मजकूर आला. थोडाच. राहीला उद्देशून. मित्रा, वर्षं मागू नकोस आणि देऊही नकोस. एकदा एका बाईंनी माझ्याकडे चार दिवस मागितले होते. मी त्यांच्या घरी जेवलेला होतो, नाही म्हणता आलं नाही. खाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती, त्यांना तो विनोद वाटला. संध्याने मोबाइल बंद केला, पडवीतून उठली, वाळत घातलेली कोकमं एकेक करून उलटवली. सगळी उलटवून झाल्यावर पुन्हा सुलटी केली. त्याला कळलंय, एक आवाज म्हणाला. त्याला काही कळलेलं नाही, तो आपलं मनातलं लिहितो, दुसरा आवाज म्हणाला. दोन्ही आवाज तिचेच होते. संध्याकाळी सोहमला चहा द्यायला गेली तेव्हा त्याने कप घेतला, तिच्या हाताकडे बघितलं, कोकमाने लाल झालेल्या बोटांकडे, आणि संगणकाच्या पडद्याकडे वळला. त्याने पडदा झाकला नाही. एरवी झाकायचा.

वॉलरस शेवटच्या सामन्यात हरले. निकाल आला तेव्हा ती नळावर घागर लावत होती आणि घागर भरून वाहेपर्यंत तिला उठता आलं नाही. बरोबरीत चाललेला सामना, जादा वेळ, आणि आयर्न बेचा एक पोरगा सतरा नंबरच्या डावीकडून निसटला. यंत्राने लिहिलं होतं: शिवलकर मागे पडला. दोन शब्द पुढे गोल. खाली जगभरातल्या माणसांनी तोंडसुख घेतलं. या घोड्याला दोन हंगामांपूर्वीच गोळी घालायला हवी होती. मॅनेजरची मैत्री संघाला नडली. शेवटी एकदाचा गेला, आता तरी जागा मोकळी झाली. मॅनेजरने यातल्या कशालाच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गौरवच्या निवृत्तीची सूचना आली, चौकटीत, त्याचे सगळे हंगाम, सगळे सामने, आणि शेवटी त्याच्याच नावाने निरोप: आभारी आहे, दमलो होतो. हिरवा ठिपका विझला. संध्या त्या राखाडी ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिला आठवलं की खऱ्या गौरवच्या बाराव्याला ती गेली नव्हती. अंगात कणकण आहे असा निरोप पाठवला होता. कणकण नव्हती.

ते दोन दिवस ती दाराबाहेर ताट ठेवत आणि उचलत राहिली. रात्री झोपली नाही, आणि झोपली तर कान जागे ठेवून. हरिश्चंद्रचा फोन आला, जेवतो ना; जेवतो, म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी भरती होती. सगळे संघ पाळीपाळीने नव्या पोरांची नावं घेणार. तिने देवाला दिवा लावला आणि मोबाइल घेऊन पडवीत बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपले हात गार पडलेत, मुलगी दाखवायला बसवतात तेव्हा पडले होते तसे. नावं येऊ लागली. वॉलरसने पहिल्यांदा एक स्वीडिश आडदांड घेतला. मग एक गोलरक्षक. मग कोणी कॅनडाचा, मग आणखी एक. शेवटच्या पाळीला फक्त राही आणि दोन अनोळखी पोरं उरली, आणि वॉलरसच्या मॅनेजरने त्यातल्या एका अनोळखी पोराचं नाव घेतलं. सोबत एक ओळ जोडली: स्वतःची वर्षं वाटत सुटणारा खेळाडू आम्हाला नको, तो दुसऱ्याचीही वाटून टाकतो. लीग पुन्हा हसली. राहीला कोणीच घेतलं नाही.

ती उठली आणि तांदूळ धुवायला घेतले. दुसरं काय करणार. भात चुलीवर असताना तिने न्हाणीघरात पाण्याचा आवाज ऐकला. वॉलरसचा कसलाही सामना नव्हता, जिंकणं हरणं नव्हतं, आणि सोहम अंघोळ करत होता. ती दाराशी जाऊन उभी राहिली, पाणी अंगावर पडतंय की नुसतं वाहतंय हे कानाने मोजत. अंगावर पडत होतं. तो बाहेर आला, केस पुसत स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला. कितीतरी महिन्यांनी. दिवसाच्या उजेडात त्याच्या मिशीत एक पांढरा केस होता. तिने भात वाढला, डाळ वाढली, बांगड्याचा तुकडा ठेवला. त्याने भात कालवला आणि कालवतच राहिला.

"तुला मी घेतलं नाही," तो म्हणाला.

कशात, असं विचारायचं तिच्या ओठावर होतं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तिने ते गिळलं. कधीपासून माहीत होतं, एवढंच विचारलं.

"वर्षं द्यायची का विचारलंस तेव्हा. असं दुसरं कोण विचारणार?"

मग सगळ्यांबरोबर हसलास कशाला, तिने विचारलं. तो म्हणाला, हसू आलं म्हणून. मग म्हणाला, नंतर नाही आलं. तिने डाळीचा डाव पुढे केला, आणि आपोआप तोंडातून निघालं, जेव.

"सगळे तेवढंच म्हणता. बाबा तेच, तू तेच. गुणवंतीकाकी खिडकीखालून जाताना गप्प बसते, ती पण मनात तेच म्हणत असणार." त्याने ताटातला हात काढला नाही. आवाज त्या सकाळच्या कुरकुरीइतकाच होता, त्याहून चढला नाही. "फोन मी घेतला होता. ढोल वाजत होते. मी तुला सांगितलं आणि तू आत गेलीस. मला वाटलं रडायला गेलीस. मी तुझ्या मागून आलो, आई. तू देवापुढे साखर ठेवत होतीस."

बाहेर कोणाची तरी रिक्षा चढाला लागून घुरघुरत होती. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, गेली दोन वर्षं तयार होतं, घासून पुसून ठेवलेलं. पालखी आली होती, नवस फिटला होता, साखर त्याची होती. ते उत्तर खोटंही नव्हतं. हरिश्चंद्रला ते पटलं असतं. भटजींना पटलं असतं. पुलावर समोरासमोर गुणवंतीलाही कदाचित पटवता आलं असतं, आणि सोहमला आत्ता पटवलं तर तो मान डोलावेल, जेवेल, हात धुईल आणि पार्टिशनपलीकडे जाऊन दार लावेल, आणि ते दार पुन्हा कधी उघडेल हे सांगता येणार नाही. तिने त्याच्या ताटाकडे बघितलं. बोटांत भात होता. ती समोर, खाली फरशीवर बसली. गुडघा दुखला.

"ठेवली," ती म्हणाली. "तुझ्या जागी तो गेला म्हणून ठेवली. पुन्हा तशी वेळ आली, आणि पुन्हा गौरवच असला, तरी पुन्हा ठेवीन."